वही मिटल्यावर

जांबोटीच्या आरोहीची वही वर्गात सगळ्यांत भरलेली असायची. सर फळ्याकडे वळले की तिचं पेन सुरू व्हायचं, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी थांबायचं नाही. पुढचे सर दारात येईपर्यंत ती आधीच्या सरांची शेवटची ओळ उतरवत बसलेली असे. गावच्या मराठी शाळेत दहावीला पहिली आलेली ही पोरगी बेळगावात पी.यू.सी. सायन्सला, म्हणजे अकरावीला, आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की इथं सगळं इंग्रजीत शिकवतात, अडलं तर कन्नडात समजावतात, आणि आपल्याला दोन्हीकडचं अर्धंमुर्धंच कळतं. जे कळत नाही ते निदान हातातून निसटू तरी नये, म्हणून ती लिहीत सुटायची. पुढं कधीतरी निवांत बसून समजून घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तो निवांतपणा काही येत नव्हता.

पहिल्या चाचणीचे पेपर आले तेव्हा फिजिक्सच्या हिरेमठ सरांनी तिचा पेपर बाकावर उलटा ठेवला. ते कडक होते, पण कुणाचे मार्क वर्गात वाचून दाखवायचे नाहीत. आरोहीनं पेपर सुलटा केला. पस्तीसपैकी सात. केमिस्ट्रीत नऊ. बायॉलॉजीत कसेबसे पास.

प्राचार्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. भरमू पहिल्या गाडीनं आला, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी हातात धरून. प्राचार्य भले गृहस्थ होते. आवाज न चढवता म्हणाले, "मुलगी हुशार आहे, वाद नाही. पण माध्यम बदललं की पुष्कळ मुलांचं असं होतं. आर्ट्सला जागा आहे. आत्ताच बदललंत तर वर्ष वाचेल."

भरमूनं लेकीकडं बघितलं. "तुजं काय म्हननं हाय?"

आरोही म्हणाली, "मिडटर्मपातुर थांबूया, आप्पा. तवा बी असंच झालं तर मी आपनहून आर्ट्सला जाते."

प्राचार्यांनी मान डोलावली. बाहेर कॉलेजच्या फाटकाशी थांबून भरमूनं एवढंच विचारलं, "शिकवनारं शिकवत्यात, तू बी लिवून घेतीस. मग आडतंय कुठं गं?"

आरोहीला वाटलं, आपलं लिहिणंच कमी पडतंय. मग तिनं आणखी जोर लावला. बेळगावातल्याच वडगाव भागात आत्याकडं ती राहायची. शेजारच्या घरात पॉवरलूम होते आणि त्यांची खडखड दिवसभर भिंतीतून येत राहायची. त्या आवाजात ती कॉलेजची कच्ची वही पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढी, मग पुस्तकातल्या ओळींवर पिवळं पेन फिरवी. मध्यरात्र उलटली तरी दिवा चालूच. दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे मिटायचे. आत्या, अक्काताई, सकाळी चहाचा कप पुढं ठेवताना म्हणायची, "तुजा चेहरा बघ गं आरशात. आजारी मानसागत दिसतोय." आरोही चहा ढोसून वह्या दप्तरात कोंबायची आणि पळायची.

गणपतीच्या चवथीच्या सुट्टीत ती गावी गेली. पाहुणेरावळे, आरती, मोदक ह्या गडबडीतही दप्तर उशाशीच होतं. परतताना बसला मरणाची गर्दी. आईनं तांदळाच्या भाकऱ्या, चटणी आणि शेंगांची पिशवी दिलेली. ती तिनं मांडीवर घेतली आणि दप्तर वरच्या फळीवर टाकलं. बेळगावला उतरताना मागून लोकांचा रेटा आला, पिशवी फाटायला लागली, शेंगा सांडायला लागल्या. ती दोन्ही हातांनी पिशवी कवटाळून खाली उतरली. फलाटावर थोडं चालल्यावर पाठ हलकी लागली. दप्तर फळीवरच राहिलं होतं. मागं वळून धावली तोवर गाडी निघून गेली होती. स्टँडवरच्या कंट्रोलरनं नाव, नंबर लिहून घेतला आणि "सापडलं तर फोन करतो" म्हणाला. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं, की असं तो रोज म्हणतो.

तीन महिन्यांच्या सगळ्या वह्या त्या दप्तरात होत्या. मिडटर्म महिन्यावर आलेली.

आत्यानं दार उघडलं आणि तिचा अवतार बघून हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं. "रडून वह्या येत्यात व्हय?" ती म्हणाली. "आधी जेव. मैत्रिनीच्या वह्या आन आनि झेराक्स काढ. पैसं मी देते."

मैत्रीण म्हणजे सोनल. निपाणीची, जैन घरातली. वडिलांचं धान्याचं दुकान आणि थोडी शेती. मराठी-कन्नड दोन्ही तिच्या जिभेवर सारखंच खेळायचं. वर्गात तिच्या नोट्सची ख्याती होती. व्याख्या लाल, सूत्रं हिरवी, आकृत्या जांभळ्या, शीर्षकाखाली पट्टीनं मारलेल्या दुहेरी रेघा. मुलं मोबाइलवर फोटो काढून घ्यायची. आरोहीनं मागितल्याबरोबर सोनलनं अख्खी फाइल तिच्या हातात ठेवली. "घे गं. दोन दिवस ठेव. तुझं दप्तर गेलं म्हणजे माझाच जीव गेल्यासारखं वाटलं बघ मला."

आरोही ती फाइल घेऊन खडेबाजारात गेली. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. तिचा नंबर आला, दुकानदारानं पहिलं पान काचेवर ठेवलं आणि लाइट गेली. सगळ्या रस्त्यावरची एकदमच. दुकानदार म्हणाला, "बस गं तायडे, येईल आत्ता." ती दुकानाच्या पायरीवर बसली. समोरून स्कूटर, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं चालली होती. शेजारी रद्दीच्या खोक्यात बिघडलेल्या झेरॉक्सचे एका बाजूनं कोरे कागद पडलेले. बसल्या बसल्या तिनं एक उचलला. म्हटलं, नोट्स गेल्या खऱ्या, पण आपण त्या एकदा वर्गात लिहिल्या, एकदा घरी लिहिल्या. म्हणजे डोक्यात असणारच. बघूया तरी, न बघता किती आठवतं. फ्रिक्शनचा धडा तर तिनं चवथीच्या आदल्या दिवशीच पक्क्या वहीत उतरवला होता.

तिनं वर 'Friction' असं लिहिलं. खाली रेघ मारली. मग पेन थांबलं.

'घर्षण' असं मराठी नाव आठवलं. घसरण्याच्या उलट्या दिशेनं लागतं, हे आठवलं. दोन प्रकार की तीन? एका प्रकाराचं सूत्र आठवलं, पण त्यातलं N म्हणजे काय ते सांगता येईना. आकृतीत एक तिरपी फळी होती आणि तिच्यावर एक ठोकळा. बाण पुष्कळ होते. कुठला कुणीकडं? कागदाचा पाव भाग भरला आणि पुढं काहीच येईना. तिनं दुसरा कागद घेतला, 'Newton's laws' लिहिलं. तिन्ही नियम दहावीत मराठीत केलेले, ते झरझर आले. पी.यू.सी.त त्यावर जे शिकवलं होतं त्यातलं एक अक्षर आलं नाही.

आरोही त्या दोन कागदांकडं बघत राहिली. दप्तर गेल्याचं दुःख एवढा वेळ तिच्या उरावर बसलं होतं. आता तिला निराळंच काहीतरी दिसायला लागलं. दप्तरात जे गेलं, ते तिच्याकडं कधी आलंच नव्हतं. ते फळ्यावरून हातात आलं, हातातून वहीत गेलं, आणि मधे डोकं लागलंच नाही. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. अडतंय ते इथं.

लाइट आली. दुकानदारानं हाक मारली. "आण गं, किती कॉपी?"

"नको, काका," ती म्हणाली आणि फाइल उचलून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर सोनलला फाइल परत दिली. सोनल चकित झाली. "झाल्या पण काढून?"

"न्हाय काढल्या. सोनल, एक विचारू? राग नको मानू हं. फाइल न उघडता मला फ्रिक्शन सांग."

"सोपं हाय की." सोनलनं तोंड उघडलं, मग डोळे वर केले, मग बोटांनी हवेत काहीतरी काढून बघितलं. "ते जांभळ्या रंगात आकृती हाय बघ, पानाच्या उजव्या बाजूला... खाली हिरव्या चौकटीत सूत्र..."

"सूत्र काय?"

पान कसं दिसतं ते सोनलला लख्ख आठवत होतं, पानावर काय आहे ते नव्हतं. "अय्यो देवा," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "चार रंगांची पेनं संपवली की गं मी ह्याच्यावर!" आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिलाही चाचणीत पस्तीसपैकी तेराच पडले होते आणि नोट्स एवढ्या सुंदर असून असं का, हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

त्या दिवशीपासून दोघींनी नवं सुरू केलं. ठरवून असं फारसं नाही, चुकत चुकत. आरोहीनं नवी वही घेतली. प्रत्येक पानाच्या डाव्या अंगाला चांगली रुंद जागा सोडली. वर्गात ती आता सगळं उतरवून घेईना. आधी ऐकायची. मग मोजके शब्द, एखादी ओबडधोबड आकृती. कळलं नाही तिथं डाव्या जागेत प्रश्न. प्रश्न कुठल्याही भाषेत. 'Normal म्हणजे सरळ की काटकोनात?' 'ठोकळा हलत नाही तर मग बल कुठं जातं?' ज्या इंग्रजी शब्दाला अडायचं त्याच्या डोक्यावर मराठी शब्द. acceleration वर त्वरण, friction वर घर्षण. चार-पाच दिवसांत ते शब्द ओळखीच्या माणसांसारखे वाटायला लागले.

घरी आल्यावर वही उघडायची नाही, हा पहिला नियम. आधी कोरा कागद घ्यायचा आणि आज काय झालं ते आठवून लिहायचं. अडलं तरी लगेच बघायचं नाही, थोडी झटापट करायची. सगळं संपल्यावर वही-पुस्तक उघडून, जे राहिलं किंवा चुकलं ते लाल पेननं भरायचं. पहिल्या दिवशीचा कागद असा लाल झाला, की आत्यानं विचारलं, "हे काय गं, बोट कापलं काय?"

पण आरोहीला त्यातली एक गंमत कळायला लागली. जे सहज आठवत होतं ते लवकर विसरायचं. ज्याच्यासाठी ती डोकं धरून बसली, चुकली, आणि मग 'अरे, हे असं होतं होय!' म्हणत लालनं लिहिलं, ते मात्र चिकटून बसायचं. तीन-चार दिवस गेले की ती तोच धडा पुन्हा कोऱ्या कागदावर घ्यायची, लाल भागापासून सुरुवात करून. कागदावरचा लाल रंग हळूहळू आटत चालला.

हे सगळं गोड नव्हतं. पक्की वही उतरवताना रोज काहीतरी झाल्यासारखं वाटायचं. पानं भरायची, मनाला समाधान. आता रोज संध्याकाळी आपल्याला काय येत नाही ते समोर दिसायचं. केमिस्ट्रीच्या एका धड्याला ती इतकी वैतागली, की कागदाचा बोळा करून भिंतीवर मारला आणि पुस्तक उघडून जुन्यासारखं उतरवायला बसली. अर्धं पान झालं. मग तिनं स्वतःलाच विचारलं, आत्ता काय लिहिलं? आठवेना. तिनं बोळा उचलला, हातानं सपाट केला आणि पुन्हा त्याच्यावरच सुरुवात केली.

जागरणं तिनं बंद केली. शेजारचे माग सुरू व्हायच्या आधी, पहाटे, वडगावच्या गल्लीत शांतता असायची. त्या वेळेत गणितं. सोडवलेलं गणित वाचायचं नाही, झाकून ठेवायचं, स्वतः सोडवायचं, मगच ताडून बघायचं. आत्या खूश होती. "आता मानसात आलीस," म्हणायची.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर दोघींची शिकवणी चालायची. एकीनं शिकवायचं, दुसरीनं काही येत नाही असं सोंग घेऊन खोदून खोदून विचारायचं. सोनल कन्नडात समजावायची, आरोही मराठीत, शेवटी दोघी मिळून तेच इंग्रजीत मांडायच्या. "असं का?" ह्या दोन शब्दांनी सोनल तिला इतकं पिडायची, की आरोही एकदा म्हणाली, "तू वकील हो गं, डॉक्टर नको."

अशात कंट्रोलरचा फोन आला. दप्तर खानापूरच्या डेपोत सापडलं होतं. आरोही जाऊन घेऊन आली. सोनल म्हणाली, "सुटलीस बाई!" आरोहीनं पक्की वही उघडली. अक्षर सुरेख होतं. फ्रिक्शनच्या धड्यात एकच वाक्य तिनं लागोपाठ दोनदा उतरवलं होतं आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिनं ते सोनलला दाखवलं, वही मिटली आणि आत्याच्या माळ्यावर टाकून दिली.

वर्गातलं तिचं वागणं हिरेमठ सरांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "एनम्मा, काय गं," एकदा त्यांनी फळ्यापासून वळून विचारलं, "सगळे लिहितात. तू का बसली?"

"ऐकते आहे, सर," आरोही उभी राहून म्हणाली. आणि उभी राहिलीच आहे तर, म्हणून तिनं डाव्या जागेतला प्रश्न विचारून टाकला. अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी, मधे सोनलकडून शिकलेला एक कन्नड शब्द. मागच्या बाकावर हशा पिकला. तिचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. सरांनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं, खडू उचलला आणि तो भाग पुन्हा पहिल्यापासून समजावला. तास सुटल्यावर हसणाऱ्यांपैकीच आदर्श नावाचा एक मुलगा येऊन हळूच म्हणाला, "बरं झालं विचारलंस. मला बी कळलं नव्हतं."

मिडटर्म झाली. फिजिक्सचा पेपर लिहिताना आरोहीला एक विचित्र गोष्ट जाणवली. तिला भीती वाटत नव्हती. कोरा कागद समोर येणं हे तिच्या रोजच्या सवयीचं झालं होतं.

पेपर वाटले त्या दिवशी सगळ्यांना मिळाले, तिला आणि सोनलला नाही. सरांनी दोघींना स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी होते.

"पस्तीसमध्ये सात," सर म्हणाले, "आणि आता सत्तरमध्ये त्रेसष्ट. हिला अठ्ठावन्न. दोघींच्या आकृत्या सारख्या, बाणांची नावं सारखी, मांडणीसुद्धा सारखी. दोघी एकाच हॉलमध्ये. मी काय समजू? तुम्हीच सांगा."

सोनलचा चेहरा पांढरा पडला. आरोही मात्र टेबलाशी एक पाऊल पुढं आली. सात मार्क मिळाले तेव्हा तिच्याकडं बोलायला शब्द नव्हते. आज होते.

"सर, आम्ही एकमेकींना शिकवलंय, म्हणून सारखं हाय. तुमचा संशय बरोबर हाय, मी असते तर मला पण आला असता. पण आत्ताच विचारा. काय पण विचारा. आणि इथं नको, वर्गात विचारा. फळ्यावर."

हिरेमठ सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चल," ते म्हणाले आणि दोन्ही पेपर सोबत घेतले.

वर्ग गच्च भरलेला होता. सरांनी आरोहीच्या हातात खडू दिला. "वळणावर रस्ता एका बाजूला उचललेला असतो. बँकिंग. फ्रिक्शन नाही असं धर. सुरक्षित वेग काढ."

आरोही फळ्याकडं वळली. पाठीमागं अख्खा वर्ग आहे, हे तिला क्षणभर जाणवलं आणि मग ती ते विसरून गेली. तिनं तिरपा रस्ता काढला, त्यावर ठोकळ्यासारखी गाडी. वजनाचा बाण सरळ खाली. रस्त्याच्या रेट्याचा बाण रस्त्याला काटकोनात, तिरपा. "ह्या तिरप्या रेट्याचे दोन भाग करायचे," ती बोलत बोलत लिहू लागली. "उभा भाग गाडीचं वजन पेलतो. आडवा भाग गाडीला वळणाच्या आत ओढतो. दोन समीकरणं. एकाला दुसऱ्यानं भागलं..." खडू टकटक करत पुढं गेला आणि उत्तर फळ्यावर उभं राहिलं. तिनं चौकट केली.

"हे पुस्तकात आहे," सर म्हणाले. "आता पुस्तकात नाही ते. त्याच वळणावर भरलेला ट्रक आणि रिकामी जीप. ट्रकनं जास्त हळू जायचं?"

"हो सर!" वर्गातून चार-पाच आवाज आले.

आरोहीनं स्वतःच्याच समीकरणांकडं बघितलं. मग वळून म्हणाली, "न्हाय सर. दोघांना एकच वेग. m दोन्ही समीकरणांत हाय, भागताना कटतो. ट्रकचं वजन जास्त, पण मग रस्त्याचा रेटा पण त्याच मापानं जास्त."

"पण भरलेला ट्रक वळणावर उलटतो. मी बघितलाय."

"उलटायचं ह्या समीकरणात न्हाय, सर. ते मला अजून येत न्हाय."

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ते पुढच्या धड्यात. शेवटचा प्रश्न. पाऊस पडला, रस्ता ओला झाला. आता ह्या वेगाचं काय होणार?"

"कमी करावा लागणार!" ह्या वेळी वर्ग एका सुरात ओरडला. सोनल मात्र पहिल्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसली होती. तिला उत्तर माहीत होतं. पायऱ्यांवर बसून 'असं का, असं का' करत तिनंच हा प्रश्न आरोहीला विचारला होता, तेव्हा आरोही साफ चुकली होती आणि कागदावर लालनं लिहून घेतलं होतं.

"बरोब्बर ह्याच वेगानं गाडी गेली," आरोही सावकाश म्हणाली, एकेक शब्द तोलून, "तर काही फरक न्हाय, सर. कारण फ्रिक्शन नाही असं धरूनच आपण हा वेग काढला. ह्या वेगाला फ्रिक्शनची गरजच न्हाय. वेग ह्याच्यापेक्षा जास्त झाला तर गाडी बाहेर घसरायला बघणार, कमी झाला तर आत. तिथं फ्रिक्शन लागतं. ओल्या रस्त्याची भीती तिथं."

हिरेमठ सर फळ्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी टेबलावरचे दोन्ही पेपर उचलले, एक सोनलच्या बाकावर ठेवला आणि दुसरा स्वतः आरोहीच्या हातात दिला. सुलटा.

"सत्तरमध्ये त्रेसष्ट," त्यांनी साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. मार्क वाचून न दाखवणाऱ्या माणसानं. "आणि माझा संशय चुकीचा होता. ते पण सर्वांसमोर सांगतो."

आधी आदर्शनं बाक वाजवला. मग सगळ्यांनी. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले, काय झालं म्हणून. सोनल उठून आरोहीला मिठी मारायला धावली आणि खडूनं दोघींचे युनिफॉर्म पांढरे झाले.

"कसं केलं, ते सांग ह्यांना," सर म्हणाले. आरोहीनं सांगितलं. कोरा कागद, लाल पेन, पायऱ्या. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हिरेमठ सरांनी तास संपण्याच्या थोडं आधी खडू खाली ठेवायला सुरुवात केली. "पुस्तक बंद, वही बंद. आज काय झालं? लिहा." पहिल्या दिवशी वर्गभर सुस्कारे. वर्ष सरेपर्यंत मुलं सरांच्या सांगण्याआधीच वह्या मिटायला लागली होती.

आर्ट्सचा विषय प्राचार्यांनी परत काढला नाही.

सेकंड पी.यू.सी.चा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला तेव्हा आरोही जांबोटीत होती. गावात रेंज मिळायची पंचाईत. सगळी माणसं फोनसाठी वरच्या टेकावर चढायची. भरमू, आई आणि आरोही झपाझप टेकावर गेले. मोबाइलवर एक काडी दिसायची, जायची. आई देवाचं नाव घेत होती. तेवढ्यात फोनच वाजला. निपाणीहून सोनल.

"आरोही! माझे लागले! फिजिक्स पंच्याण्णव! आमचे आप्पा दुकानात येईल त्याला पेढा द्यायला लागलेत! तुझे बघितलेस?"

"न्हाय गं, उघडंना इथं."

"नंबर सांग, मी बघते." आरोहीनं नंबर सांगितला. मग सोनलचा आवाज असा फुटला, की भरमूलासुद्धा दोन पावलांवरून ऐकू आला. "फिजिक्स अठ्ठ्याण्णव! केमिस्ट्री शहाण्णव! बायॉलॉजी नव्याण्णव! अगं आरोही, ऐकतीस न्हवं?"

आरोही ऐकत होती. आईनं तिला जवळ ओढलं आणि स्वतःच रडायला लागली. भरमूनं टोपी काढली, उगाचच झटकली, परत घातली. मग तो टेकाच्या कडेला गेला. खाली ओढ्याकाठी शेजारचा भावकूमामा म्हशी चारत होता. भरमूनं छातीत वारं भरून घेतलं.

"भावकूऽऽ! पोरीला फिजिक्सात अठ्ठ्याण्णव पडलं रंऽऽ!"

खालून आवाज आला, "कशातऽऽ?"

"फिजिक्साऽऽत!"

"त्ये काय असतंय गाऽऽ?"

भरमूनं तोंड उघडलं, मिटलं, आणि लेकीकडं वळून मोठमोठ्यानं हसायला लागला. तसा तो मोकळेपणी हसलेला आरोहीनं कित्येक दिवसांत बघितला नव्हता. "जा गं बाई," तो डोळे पुसत म्हणाला, "तूच सांग त्येला. एवढ्या लांबनं वरडून सांगायसारखं न्हाय त्ये."

आरोहीनं ओढणी कमरेला खोचली आणि उतरणीवरून धावत सुटली.